तोवर पुस्तक कुठे असतं?

अमेरिकेतल्या सरकारी शाळेच्या लायब्ररीतलं एखादं पुस्तक खटकलं, तर हरकत घ्यायला फॉर्म असतो. बहुतेक ठिकाणी एक-दोन पानांचा. नाव, पत्ता, मूल कुठल्या शाळेत आहे. पुस्तकाचं नाव, लेखक. पुस्तक पूर्ण वाचलंत का? कुठल्या पानांवर आक्षेप आहे? पुस्तकाची परीक्षणं पाहिलीत का? आणि शेवटी, काय व्हावं असं वाटतं: काढून टाकावं, वरच्या इयत्तांपुरतं ठेवावं, की फक्त माझ्या मुलाला देऊ नये. पत्ता बदलायच्या अर्जाइतका साधा, निरुपद्रवी कागद. फक्त एक प्रश्न त्यावर नसतो, आणि भांडणाचा निकाल बरेचदा त्या प्रश्नावरच लागतो. समितीचा निर्णय येईपर्यंत पुस्तक कुठे राहणार? शेल्फवर, की प्रिन्सिपलच्या खोलीतल्या खोक्यात?

या विषयावरची कुठलीही बातमी उघडा, दोन वाक्यं ठरलेली. एक बाजू म्हणते, पुस्तकावर बंदी आली. दुसरी म्हणते, कसली बंदी, दुकानात जा आणि विकत घ्या. दोघंही स्कूल बोर्डाच्या बैठकीत आपापली तीन मिनिटं बोलतात, टाळ्या घेतात आणि घरी जातात. पुस्तक खोक्यातच. म्हणून बातमी वाचताना घोषणा बाजूला ठेवून आधी हे 'तोवर' शोधावं. बाकीचं चित्र त्यावरून आपोआप उलगडत जातं.

आधी ठरवणारे कोण ते पाहू. तिथे शाळा चालवतो तो स्कूल डिस्ट्रिक्ट. असे डिस्ट्रिक्ट १३,००० च्या आसपास आहेत. प्रत्येकाचं स्वतंत्र बोर्ड, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं, साधारण पाच ते नऊ जणांचं. बोर्ड सुपरिंटेंडंट नेमतं, त्याच्या हाताखाली प्रिन्सिपल, आणि उतरंडीच्या पार तळाशी ती लायब्रेरियन, जिने पुस्तक मुळात निवडलेलं असतं. बोर्डाच्या निवडणुकीत मतदान इतकं कमी होतं की थोड्या मतांनी अख्खं बोर्ड फिरतं. हे गणित राजकारण्यांना फार आधीपासून ठाऊक होतं, पण २०२१ मध्ये त्याला जोर आला. जानेवारीत फ्लोरिडात 'मॉम्स फॉर लिबर्टी' ही शाळेतल्या पुस्तकांवर आक्षेप घेणाऱ्या पालकांची संघटना उभी राहिली. ऑक्टोबरमध्ये टेक्सासचे आमदार मॅट क्राउझ यांनी सुमारे ८५० पुस्तकांची यादी डिस्ट्रिक्टांना पाठवली आणि यातल्या कशाच्या किती प्रती तुमच्याकडे आहेत, त्यावर किती पैसे खर्च केलेत, असं विचारलं. त्याच हंगामात व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' या गुलामगिरीवरच्या कादंबरीला आक्षेप घेणाऱ्या एका आईची जाहिरात निघाली, आणि जाहिरात काढणारे ग्लेन यंगकिन निवडून आले.

ती कादंबरी वर्गात वाचायला दिलेली होती, लायब्ररीतून आणलेली नव्हती. हा फरक बातम्यांत नेहमी हरवतो. टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या बोर्डाने १० जानेवारी २०२२ रोजी 'माउस' हे ज्यूंच्या संहाराबद्दलचं चित्रमय पुस्तक दहा विरुद्ध शून्य मतांनी काढलं, तेही आठवीच्या अभ्यासक्रमातून. अभ्यासक्रम ठरवण्याचे बोर्डाचे अधिकार कोर्टांनी कायमच सढळ मानलेत. वर्गात पुस्तक समोर आलं की मुलाला ते टाळता येत नाही, म्हणून तिथे पालकांचा हक्कही वेगळा. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीतल्या पालकांना धार्मिक कारणावरून समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रांच्या गोष्टींच्या तासातून मुलांना बाहेर ठेवता आलं पाहिजे. तो निकाल वर्गाबद्दलचा. लायब्ररीत मूल स्वतःच्या पायांनी शेल्फपाशी जातं आणि स्वतःच्या हाताने पुस्तक काढतं. तिथला प्रश्न निराळा, आणि पुढचं सगळं लायब्ररीबद्दल.

कागदावरची रीत अशी. पालक आधी लायब्रेरियनशी किंवा प्रिन्सिपलशी बोलतो. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, कारण बहुतेकांना आपल्या मुलापुरतीच काळजी असते आणि तेवढी सोय लगेच करता येते. नाही मिटलं तर फॉर्म. मग फेरविचार समिती: प्रिन्सिपल किंवा त्याचा प्रतिनिधी, लायब्रेरियन, एखाद-दोन शिक्षक, पालक, हायस्कूल असेल तर कुठे कुठे एक विद्यार्थीही. सात किंवा नऊ जण ठेवतात, मतं समान पडू नयेत म्हणून. सगळ्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, परीक्षणं पाहायची, लेखी निर्णय द्यायचा. पटलं नाही तर सुपरिंटेंडंटकडे अपील, तिथून बोर्डाकडे. एकदा निकाल लागला की तेच पुस्तक काही वर्षं पुन्हा हरकतीला घ्यायचं नाही, असंही बऱ्याच धोरणांत लिहिलेलं असतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने सुचवलेल्या नमुन्यात आणखी एक वाक्य आहे: ही सगळी प्रक्रिया चालू असताना पुस्तक शेल्फवरच राहील.

रीत मोडते ती सगळ्यात आधी प्रिन्सिपलच्या खोलीत. शुक्रवारी दुपारी ईमेल येतो, सोबत पुस्तकाच्या एका पानाचा फोटो. सोमवारी सकाळी पुस्तक शेल्फवर नसतं. कुणी वाईट हेतूने केलेलं असतंच असं नाही. प्रिन्सिपलला आठवड्याची सुरुवात भांडणाने करायची नसते, एवढंच. पण फॉर्म भरलाच गेला नाही, त्यामुळे तक्रारीला तारीख नाही. तारीख नाही म्हणून मुदत नाही, समिती नाही आणि अपीलही नाही, कारण अपील कशाविरुद्ध करायचं? पुस्तक गेलंय हेसुद्धा कळतं ते एखादं मूल मागायला आलं तर. कॅटलॉगमध्ये नोंद बदललेली असते, ज्यांनी आधी मागणी नोंदवून ठेवली होती त्यांची मागणी रद्द झालेली असते. एखादी प्रत कुणाच्या दप्तरात असेल, तर ती परत आल्यावर तीही खोक्यात. गाजलेल्या खटल्यांपेक्षा अशी गुपचूप उचललेली पुस्तकं मला जास्त महत्त्वाची वाटतात, कारण त्यांचा कुठल्याच आकड्यात पत्ता नसतो.

समिती बसली तरी अडचणी संपत नाहीत. शाळेकडे पुस्तकाची प्रत बहुधा एक, आणि वाचणारे नऊ. म्हणजे आणखी आठ प्रती विकत घ्यायच्या. ज्या पुस्तकाला आक्षेप आहे त्याचीच खरेदी वाढते, ही या प्रकारातली गंमत. खर्च वाचवायला मग झेरॉक्स निघते, तीही हरकतदाराने खुणा केलेल्या पानांची. इथे सगळा नूर पालटतो. तीनशे पानांच्या कादंबरीतली पिवळ्या मार्करने रंगवलेली सहा पानं पुढ्यात आली, तर ती कुणालाही घाणच वाटणार. त्याच पानांवर पोचायला दोनशे पानं वाचावी लागली असती, तर त्यातल्या मुलीवर काय ओढवलंय हे कळलं असतं. अश्लीलतेबद्दलचा अमेरिकन कायदा याच कारणासाठी पुस्तक 'संपूर्ण' बघायला सांगतो. १९७३ च्या 'मिलर' खटल्याची कसोटी संपूर्ण कृतीला लावायची असते, आणि गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य असेल तर कृती अश्लील ठरत नाही. अल्पवयीनांसाठी कसोटी वेगळी असू शकते, हे १९६८ च्या 'गिन्सबर्ग' खटल्याने आधीच मान्य केलं होतं. म्हणजे मुलांना सगळं खुलं हवं, असं कायदा म्हणत नाहीच. पुस्तक वाचून ठरवा, इतकंच तो म्हणतो.

आता गठ्ठ्याने आलेल्या हरकती. एकाच माणसाने शंभर पुस्तकांचे फॉर्म दिले, असं समजा. तीनशे पानांचं पुस्तक तासाला चाळीस पानं या वेगाने वाचायला साडेसात तास लागतात. शंभर पुस्तकांचे साडेसातशे तास, तेही समितीतल्या प्रत्येकाचे, शाळेचं काम सांभाळून. महिन्याला दोन पुस्तकं उरकली तरी पन्नास महिने लागणार. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं असतं. नववीत आलेला मुलगा पदवीचा झगा घालून बाहेर पडेल, तरी यादी संपलेली नसेल. पुस्तक या काळात शेल्फवर असेल तर समितीच्या संथपणाने कुणाचं बिघडत नाही. खोक्यात असेल तर निकालाची गरजच उरत नाही. फॉर्म दिला, काम झालं.

पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्क डिस्ट्रिक्टमध्ये नेमकं हेच दिसलं. वंश आणि विविधता या विषयांवरच्या पुस्तकांची, लेखांची, चित्रफितींची एक यादी शिक्षकांसाठी तयार झाली होती. २०२० च्या अखेरीस बोर्डाने ती वापरायला मनाई केली. आम्ही बंदी घातलेली नाही, छाननी होईपर्यंत गोठवलंय, असं बोर्डाचं म्हणणं. छाननी संपेचना. पुढच्या सप्टेंबरमध्ये विद्यार्थी रोज सकाळी शाळेबाहेर फलक घेऊन उभे राहू लागले, तेव्हा कुठे २० सप्टेंबर २०२१ रोजी बोर्डाने निर्णय फिरवला. एक शैक्षणिक वर्ष 'तोवर'मध्ये गेलं.

या सगळ्याचा मूळ खटला मात्र चाळीसहून अधिक वर्षं जुना. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाचा डिस्ट्रिक्ट आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये तिथल्या बोर्डाचे तीन सदस्य एका पालकसंघटनेच्या परिषदेला गेले आणि आक्षेपार्ह पुस्तकांची यादी घेऊन आले. ७ नोव्हेंबरच्या रात्री शाळेत कार्यक्रम होता. त्यांतल्या दोघांनी शिपायाकडून लायब्ररी उघडून घेतली आणि कार्ड कॅटलॉगचे खण ओढून यादी ताडून पाहिली. नऊ पुस्तकं हायस्कूलमध्येच सापडली. पुढे आणखी दोन धरून अकरा झाली, त्यांत कर्ट व्हॉनेगट आणि रिचर्ड राइट यांची पुस्तकं. फेब्रुवारी १९७६ मध्ये बोर्डाने ती शेल्फवरून काढून आपल्या कचेरीत आणायला सांगितलं. सुपरिंटेंडंटने लेखी कळवलं की अशा तक्रारींसाठी आपलं धोरण ठरलेलं आहे, त्याप्रमाणे जाऊ. बोर्डाने ऐकलं नाही. नंतर चार पालक आणि चार कर्मचारी अशी समिती नेमली. तिने पाच पुस्तकं ठेवा, दोन काढा असं सुचवलं, बाकीच्यांवर तिचं एकमत झालं नाही किंवा तिने अटी सुचवल्या. बोर्डाने अहवाल गुंडाळून ठेवला. एक पुस्तक बिनशर्त परत, एक पालकांच्या परवानगीने, नऊ बाद.

पाच विद्यार्थ्यांनी दावा लावला. त्यांच्यातल्या स्टीव्हन पिको याच्या नावाने खटला ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २५ जून १९८२ रोजी लागला, आणि त्याचा अर्थ काय यावर वकील आजही भांडतात. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की केवळ पुस्तकातले विचार आवडत नाहीत म्हणून बोर्डाला ते लायब्ररीतून काढता येणार नाही. पुस्तक आरपार असभ्य असेल किंवा शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य असेल, तर काढता येईल. पण हे मत पूर्णपणे मान्य असलेले न्यायमूर्ती चारही भरले नाहीत. चार जण ठामपणे विरोधात होते. पाचवं मत न्यायमूर्ती व्हाइट यांचं, आणि ते घटनेच्या मुद्द्यात शिरलेच नाहीत. बोर्डाने पुस्तकं नेमकी का काढली हे आधी खालच्या कोर्टात तपासा, एवढंच म्हणाले. ती तपासणी कधीच झाली नाही, कारण ऑगस्ट १९८२ मध्ये बोर्डाने पुस्तकं परत ठेवायचं ठरवलं. पुस्तकं निघाल्यापासून सहा वर्षं लोटली होती. खटला लढणारी मुलं केव्हाच शाळेबाहेर पडली होती.

निकालात बहुमताचं मतच नसल्यामुळे खालची कोर्टं त्याला हवं तितकं महत्त्व देतात. 'पाचव्या सर्किट'ने, म्हणजे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपीवरच्या अपील कोर्टाने, मे २०२५ मध्ये लानो काउंटीच्या खटल्यात दहा विरुद्ध सात मतांनी सांगितलं की लायब्ररीतून पुस्तक काढल्याबद्दल वाचकाला माहितीच्या हक्काखाली दाद मागता येत नाही. ती सार्वजनिक लायब्ररी होती, शाळेची नव्हे, आणि प्रश्न १७ पुस्तकांचा होता. पण तर्क शाळांनाही लागू होतो. त्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. उलट आयोवावरच्या अपील कोर्टाने, म्हणजे 'आठव्या सर्किट'ने, ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांतून लैंगिक वर्णनाची पुस्तकं काढायला लावणाऱ्या आयोवाच्या कायद्यावर सुनावणी करताना, शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं म्हणजे सरकारचंच बोलणं, त्यामुळे ती निवडायला सरकार मोकळं, हा राज्याचा युक्तिवाद धुडकावला होता. त्यामुळे तुमचा हक्क काय, याचं उत्तर तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर आलं.

कोर्टाचं असं अर्धवट राहिल्यावर राज्यांच्या विधिमंडळांनी सूत्रं हातात घेतली, आणि त्यांनी 'तोवर'चा प्रश्न अगदी नेमका पकडला. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्यात, ज्याला सगळे एचबी १०६९ म्हणतात, अशी तरतूद आहे: पुस्तक पोर्नोग्राफिक आहे किंवा त्यात लैंगिक वर्तनाचं वर्णन आहे अशी हरकत आली, की ते शाळेच्या पाच दिवसांच्या आत काढायचं आणि निकाल लागेपर्यंत परत ठेवायचं नाही. हरकत पालकच घेऊ शकतो असं नाही, काउंटीचा कुठलाही रहिवासी घेऊ शकतो. शिवाय एक खुबीदार कलम आहे. पालकाला बोर्डाच्या बैठकीत पुस्तकातले उतारे मोठ्याने वाचायचा हक्क आहे, आणि मजकूर पोर्नोग्राफिक आहे म्हणून बोर्डाने त्याला थांबवलं, तर पुस्तक वापरातून गेलंच. अध्यक्षाने हातोडा आपटला की निकाल. बैठकीतले उतारे वाचणारे व्हिडिओ इतके का पसरले, ते यावरून समजेल.

एस्कॅम्बिया काउंटीत या कायद्याची कमाल दिसली. तिथल्या एका शिक्षिकेनेच शंभराहून अधिक पुस्तकांवर हरकती घेतल्या होत्या. कायदा आल्यावर डिस्ट्रिक्टने धसका घेऊन १,६०० हून अधिक पुस्तकं छाननीसाठी बाजूला काढली. त्यांत शब्दकोश होते, कारण 'सेक्स' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात दिलेला असतो. आम्ही बंदी घातलेली नाही, कायदा पाळतोय, असं डिस्ट्रिक्टचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. २०२४ मध्ये राज्याने थोडी माघार घेतली: ज्यांचं मूल त्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत नाही त्यांना महिन्याला एकच हरकत. ऑगस्ट २०२५ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने 'लैंगिक वर्तनाचं वर्णन' हा निकष फारच मोघम आणि व्यापक ठरवला. संपूर्ण कृती पाहायची जुनी कसोटी पुन्हा पुढे आली.

न्यू जर्सीने त्याच प्रश्नाचं बरोबर उलटं उत्तर दिलं. डिसेंबर २०२४ मध्ये सही झालेल्या तिथल्या कायद्यानुसार हरकत चालू असताना पुस्तक लायब्ररीत राहतं, मुलांना नेता येतं, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या लायब्रेरियनला संरक्षण मिळतं. इलिनॉयने २०२३ मध्ये पैशाचा रस्ता धरला: लायब्ररीने अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा हक्कनामा (मतं पटत नाहीत म्हणून पुस्तक काढू नये, असं सांगणारा) किंवा त्याच धर्तीचं निवेदन स्वीकारलं तरच राज्याचं अनुदान. दिसायला जोरदार, पण अनुदानावर पाणी सोडायची तयारी असलेल्या डिस्ट्रिक्टला त्याची झळ लागत नाही. मला न्यू जर्सीचा कायदा जास्त कामाचा वाटतो, कारण तो त्या एका वाक्याला हात घालतो.

युटाची रीत सगळ्यांपेक्षा वेगळी, आणि मला सगळ्यात खटकणारी. २०२४ च्या कायद्याने तिथे तीन डिस्ट्रिक्टांनी, किंवा दोन डिस्ट्रिक्ट आणि पाच चार्टर शाळांनी (सरकारी पैशावर, पण डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र चालणाऱ्या), एखादं पुस्तक ठरावीक निकषावर बाद केलं, की ते राज्यभरातल्या सगळ्या सरकारी शाळांतून जातं. राज्यात डिस्ट्रिक्ट ४१. तिघांनी वाचून काढलं म्हणजे उरलेल्या अडतीसांचं वाचायचं काम वाचलं. ऑगस्ट २०२४ ची पहिली यादी १३ पुस्तकांची होती. काढलेल्या प्रती विकायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत, विल्हेवाट लावायची. याच राज्यात त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, डेव्हिस डिस्ट्रिक्टमध्ये कुणीतरी चिडून बायबलवरच हरकत घेतली होती, लैंगिक आणि हिंसक उताऱ्यांची आठ पानी यादी जोडून. समितीने प्राथमिक शाळा आणि मिडल स्कूल, म्हणजे हायस्कूलच्या खालच्या शाळांतून बायबल काढलं. गदारोळ झाला आणि २० जून २०२३ रोजी बोर्डाने ते परत ठेवलं. उताऱ्यांवरून पुस्तक जोखायची पद्धत कुठे नेते, हे याहून स्वस्तात कुणी दाखवलं नसेल.

टेक्सासने २०२३ मध्ये पुस्तकविक्रेत्यांनीच प्रत्येक पुस्तकाला लैंगिक मजकुराची श्रेणी लावावी असा कायदा केला. जानेवारी २०२४ मध्ये पाचव्या सर्किटने ती सक्ती अडवली. मग २०२५ चा कायदा आला. आता नवी पुस्तकं घ्यायची तर यादी तीस दिवस लोकांसमोर ठेवायची आणि बोर्डाची मंजुरी घ्यायची. लोकांना यादी दिसावी, यात गैर काहीच नाही. पण बोर्डाची बैठक महिन्यातून एकदा असते. एखाद्या नव्या पुस्तकाला महिना-दोन महिने सहज जातात, आणि मालिकेचा पुढचा भाग मुलांच्या हाती पडतो तोवर त्यांची उत्सुकता विरलेली असते.

आकड्यांबद्दल थोडं, कारण फसगत इथे होते. लायब्ररी असोसिएशनने २०२३ साली १,२४७ प्रयत्न आणि ४,२४० वेगवेगळी पुस्तकं नोंदवली. २०२४ साली ८२१ आणि २,४५२. 'पेन अमेरिका' या लेखकांच्या संघटनेने मात्र २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात १०,०४६ बंदीच्या घटना मोजल्या. कुणी खोटं बोलत नाही, मापं वेगळी आहेत. असोसिएशन हरकतीचा प्रयत्न मोजते. एका प्रयत्नात एक पुस्तक असो वा शंभर, प्रयत्न एकच, आणि त्यात सार्वजनिक लायब्रऱ्याही येतात. 'पेन' फक्त सरकारी शाळा धरते, पण प्रत्येक पुस्तक प्रत्येक डिस्ट्रिक्टमागे वेगळं मोजते, आणि छाननीपुरतं काढलेलंही बंदी म्हणून धरते. टीकाकारांचा सगळा रोख या शेवटच्या मुद्द्यावर असतो: समितीने नंतर परत ठेवलं तर ती बंदी कशी? आक्षेप बिनबुडाचा नाही. 'बंदी' हा शब्द सरसकट वापरल्याने तो बोथट झालाय, हे मलाही वाटतं. पण दीड वर्ष खोक्यात राहिलेल्या पुस्तकाला दुसरं काय म्हणायचं, हेही टीकाकारांनी सांगावं. त्या दहा हजारांपैकी आठ हजारांहून अधिक घटना फ्लोरिडा आणि आयोवा या दोनच राज्यांतल्या, हे लक्षात ठेवलं तर आकडा देशभराचा नसून त्या दोन राज्यांतल्या कायद्यांचा आहे हे कळतं.

एक पळवाट दोन्ही बाजूंना माहीत असते: निर्लेखन. प्रत्येक लायब्ररीला जुनी, फाटकी, कालबाह्य पुस्तकं बाद करावीच लागतात, नाहीतर शेल्फवर जागा उरत नाही. त्याचे निकष छापील आहेत: माहिती चुकीची झाली का, प्रत खराब झाली का, नवी आवृत्ती आली का, कुणी नेतं का, दुसरीकडे सहज मिळतं का. लानो काउंटीचंही म्हणणं हेच होतं की ही नेहमीची छाटणी आहे. खरं-खोटं ओळखायला खटल्याची गरज नाही, सॉफ्टवेअरमधली नोंद पाहायची. शेवटचं कधी नेलं, वर्षात किती वेळा नेलं, हे प्रत्येक बारकोडमागे असतं. मागच्या महिन्यात तीन मुलांनी नेलेलं, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, धडधाकट बांधणीचं पुस्तक निर्लेखनात गेलं असेल, तर ते छाटणीत गेलेलं नाही.

पालक म्हणून खरोखर काही करायचं असेल तर फॉर्मच्या आधी एक सोपी गोष्ट आहे. लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याच्या खात्यावर सूचना लावता येते. मुलाचं कार्ड स्कॅन केलं की ती लायब्रेरियनच्या स्क्रीनवर उमटते. लेखी द्या, पुस्तकांची किंवा विषयांची नावं नेमकी द्या, पोच घ्या. 'वाईट पुस्तकं देऊ नका' असं लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही. या सोयीची मर्यादाही माहीत हवी. मूल लायब्ररीत बसून वाचत असेल तर सूचना उमटत नाही. वर्गशिक्षकाच्या स्वतःच्या कपाटातली पुस्तकं बहुधा कॅटलॉगमध्ये नसतात. आणि लायब्रेरियन रजेवर असताना बदली माणूस त्या सूचनेवर ओके दाबून पुढे जातो.

आणि तुमचा प्रश्न उलटा असेल, म्हणजे एखादं पुस्तक दिसेनासं झालं असेल, तर बोर्डाच्या बैठकीत भाषण करण्याआधी धोरण मागा. बऱ्याच राज्यांत तक्रारींच्या धोरणाचा सांकेतिक क्रमांक केईसी असतो, टेक्सासमध्ये लायब्ररीच्या पुस्तकांसाठी ईएफबी. मग राज्याच्या माहिती कायद्याखाली दोनच गोष्टी मागा: त्या पुस्तकावरचा भरलेला फॉर्म आणि त्याची कॅटलॉगमधली सध्याची स्थिती. 'पुस्तकबंदीबद्दलचा सगळा पत्रव्यवहार' मागितलात तर हजारो पानांचं शुल्क कळवतील आणि महिने घालवतील. फॉर्म नाहीच असं लेखी उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा. सुपरिंटेंडंटला तुमच्याच धोरणाप्रमाणे जा, असं सांगायला तेवढा पुरतो. संघीय शिक्षण खात्याकडे जायचा रस्ता सध्या बंद आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्या खात्याने पुस्तकांबाबतच्या ११ तक्रारी निकाली काढल्या आणि त्यासाठी नेमलेलं समन्वयकाचं पदही रद्द केलं.

धोरण हाती आलं की सुरुवातीची उद्दिष्टांची पानं सोडून द्या, ती सगळीकडे सारखीच गोड असतात. 'हरकत प्रलंबित असताना' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य शोधा आणि त्याचं क्रियापद पाहा. 'राहील' आहे की 'हटवण्यात येईल'? वाक्यच नसेल तर प्रिन्सिपलच्या टेबलाखाली वाकून बघायला हरकत नाही.